केसपेपरवरचा 'बाइक' हा एक शब्द: येऊरची घसरण, कॉलरबोन आणि अडीच महिन्यांचा क्लेम

१३ जुलै २०२५, रविवार. सकाळी सात वीसच्या सुमारास ठाण्याजवळच्या येऊरला, पाटोणापाड्याच्या बाजूच्या एका ओल्या उतारावर मी सायकलवरून पडले. डाव्या खांद्याजवळचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं. मेडिक्लेमचे पैसे ३० सप्टेंबरला खात्यात जमा झाले. मधल्या अडीच महिन्यांत हाडापेक्षा कागदांनी जास्त दमवलं. त्या दिवसांत मी मराठीत कुठे काही वाचायला मिळतं का ते रात्ररात्र शोधत होते. फारसं सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पडण्याबद्दल, कारण ते टाळता आलं असतं.

माझी सायकल हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे नाही. २९ इंची चाकं, १२० मिलिमीटरचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर. आदल्या आठवड्यात घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत साधी रोड राइड केली होती आणि त्यासाठी टायरमध्ये ४० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती. माझं वजन ५८ किलो. ओल्या दगडांवर मला २२ पुरतात. इतका टणक टायर दगडाला धरत नाही, त्यावरून उडतो. रविवारी पहाटे निघताना हवा कमी करायची राहिली. दुसरी गोष्ट मागच्या ब्रेकची. पावसाळ्यात येऊरची लाल माती आणि बारीक वाळू डिस्कवर बसते आणि रेझिनचे पॅड बघता बघता झिजतात. लिव्हर दाबला की जवळजवळ ग्रिपला टेकत होता. हे मला शनिवारीच जाणवलं होतं. 'उद्या येऊन बदलू' म्हणून सोडून दिलं.

उपवनकडून फाटकातून वर गेलो तेव्हा पाऊस नव्हता, पण रात्रभर पडून गेला होता. सोबत शेजारच्या सोसायटीतले एक दादा होते, दहा वर्षं सायकल चालवणारे. आम्ही ज्या वाटेवर होतो ती पाड्यांना जोडणारी, गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली. हे मुद्दाम सांगते, कारण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नसतं. उतारावर तीन-चार मोठे काळे दगड आहेत, त्यांवर जुलैत शेवाळ चढतं. मागचा ब्रेक धरेना म्हणून पुढचा जास्त दाबला गेला, चाक दगडावर जाम झालं आणि मी डाव्या खांद्यावर आपटले. हात टेकायलाही वेळ मिळाला नाही. आवाज ऐकू आला, ओल्या फांदीचा येतो तसा. दुखायला लागलं ते त्यानंतर अर्ध्या मिनिटाने.

उजव्या हाताने चाचपलं तर खांदा आणि मान यांच्या मधोमध कातडीखाली पेन्सिलीचं टोक असावं तसं काहीतरी वर आलेलं. दादांनी मला उठू दिलं नाही. तेवढ्यात वरच्या पाड्यातल्या एक मावशी टाकळ्याच्या जुड्यांची पाटी घेऊन विकायला खाली चालल्या होत्या. त्यांनी पाटी उतरवली, डोक्यावरची चुंबळ सोडली, त्या फडक्याची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, "ताई, आता हात सोडून दे, त्याचं ओझं फडक्यावर टाक." तसं केल्याबरोबर निम्मं दुखणं कमी झालं. पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं की हाताचा भार निघाला की हाडाच्या टोकांवरची ओढ कमी होते. सायकल मावशींच्या पडवीत ठेवली. दादांनी गावातली रिक्षा आणली. उपवनपर्यंतचा प्रत्येक गतिरोधक मला अजून मोजून दाखवता येईल.

आता मुख्य गोष्ट. पावणेनऊला आम्ही एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचलो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून पडलात?" मी म्हटलं, "बाइकवरून. माउंटन बायकिंग करतो आम्ही." आम्ही सायकलवाले सायकलला बाइकच म्हणतो, रोजची सवय. त्यांनी केसपेपरवर लिहिलं: फॉल फ्रॉम बाइक, माउंटन बायकिंग. पुढचे अडीच महिने या चार-पाच शब्दांभोवती फिरले.

तुमच्यावर ही वेळ आली तर दुखत असलं तरी एवढं करा. सायकल म्हणा, पॅडलची सायकल म्हणा. दुसरं वाहन नव्हतं, मी स्वतः घसरून पडले, असं सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते सोबतच्या माणसाला वाचायला लावा. खोटं काही सांगायचं नाही, खरं तेच नीट शब्दांत सांगायचं. तो कागद पुढे बदलता येत नाही. त्यावर खाडाखोड केली तर उलट संशय वाढतो.

एक्स-रे, इंजेक्शन, हाताची झोळी मिळून त्या दिवशी २,३५० रुपये झाले. सोमवारी, १४ तारखेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावून शांतपणे समजावलं. कॉलरबोन बहुतेक वेळा मधल्या भागातच मोडते आणि बरीचशी झोळीत ठेवूनच जुळते. पण माझ्या हाडाची टोकं एकावर एक चढून हाड दोन सेंटिमीटरहून जास्त आखूड झालं होतं, शिवाय एक टोक कातडीला आतून टोचत होतं. त्यांनी प्लेट आणि स्क्रूची शस्त्रक्रिया सुचवली. मी एक दिवस मागितला आणि मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. दोघांचं म्हणणं एकच निघालं. दोन्हीकडे प्रत्येकी १,००० रुपये लागले, पण त्या दुसऱ्या मतामुळे मला रात्री झोप लागली. शस्त्रक्रिया सुचवली की घाबरून लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कातडी फाटलेली नसेल आणि हाताला मुंग्या, बधिरपणा नसेल तर एक दिवस थांबता येतं का, हे डॉक्टरांनाच सरळ विचारा.

बुधवारी, १६ तारखेला रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या खिडकीवरून, कॅशलेसचा अर्ज गेला. कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला द्यायचं. आधी मी स्वतः विमा कंपनीला फोन करून अपघाताची खबर दिली होती आणि तक्रार नव्हे, इंटिमेशन क्रमांक मागून घेतला होता. तो क्रमांक पुढे प्रत्येक पत्रावर लागला. खोलीच्या बाबतीत एक सांगते. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० आहे. त्याहून महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक आपल्याला भरावा लागतो असं मला वाटायचं. तसं नसतं. अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे बाकीच्या खर्चातही त्याच प्रमाणात कात्री लागते. डेस्कवरच्या ताईंनी हे आपण होऊन सांगितलं, म्हणून मी दोघींची खोली घेतली.

१७ जुलैला सकाळी शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी दुपारी, मी अजून गुंगीत असताना, विमा कंपनीची विचारणा आली: वाहन चालवण्याच्या परवान्याची प्रत आणि एफआयआर पाठवा. त्यांनी बाइक म्हणजे मोटरसायकल धरली होती. भावाने धावपळ करून सायकलचं बिल, फोटो आणि रुग्णालयाचं पत्र पाठवलं. १८ तारखेला संध्याकाळी उत्तर आलं की अपघाताच्या कारणाची खात्री होत नसल्यामुळे कॅशलेस नामंजूर, नंतर रीइम्बर्समेंटसाठी, म्हणजे आधी स्वतः भरलेले पैसे परत मिळण्यासाठी, अर्ज करू शकता. १९ तारखेला डिस्चार्जच्या वेळी १,६८,४०० रुपये भरले. त्यात माझी बचत होती, भावाचे पैसे होते आणि आईने मोडलेली एक मुदत ठेव होती. आई बिलाच्या खिडकीपाशी काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने माझे केस विंचरून वेणी घातली, कारण एका हाताने मला ते जमत नव्हतं. पुढचे पाच आठवडे तीच घालत होती.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. हे मला त्या संध्याकाळी माहीत असतं तर बरं झालं असतं.

घरी पहिले दहा दिवस अवघड गेले. आडवं झोपता येत नाही, पाठीमागे चार उशा लावून अर्धवट बसूनच झोपावं लागतं. पुढून बटणांचे कपडे दोन-तीन जास्तीचे काढून ठेवा. जखमेच्या खाली छातीवर हाताएवढा भाग बधिर झाला होता. तिथे कातडीच्या लहान नसा असतात, असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो भाग आता निम्मा जागा झाला आहे. ३० जुलैला टाके निघाले.

रीइम्बर्समेंटची फाइल मी २ ऑगस्टला दिली. माझ्या पॉलिसीत डिस्चार्जपासून ३० दिवसांची मुदत होती, तुमची तुम्ही तपासा. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. 'अ' आपण भरायचा, 'ब' रुग्णालयाने भरून सही-शिक्का करायचा. हा 'ब' डिस्चार्जच्या दिवशीच मागा. मी विसरले आणि त्यासाठी दोन वेळा हेलपाटा घातला. सोबत डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, एक्स-रेच्या फिल्म, ओळखपत्रं, रद्द केलेला चेक. आणि प्लेट-स्क्रूचे स्टिकर. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर बॅच क्रमांकाचा स्टिकर असतो, तो ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवतात. त्याची प्रत आणि इम्प्लांटचं वेगळं बिल यांशिवाय एवढी मोठी रक्कम मंजूर होणं कठीण. मूळ कागद देण्याआधी मी सगळ्याचं स्कॅन केलं. पानांवर क्रमांक घातले, वर एक यादी लावली आणि त्या यादीच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घेतला.

एफआयआरचं काय करायचं, ते मी तेव्हाच निस्तरलं. पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुसरं वाहन नाही, कुणाचा गुन्हा नाही, मग एफआयआर कसला होणार? त्यांनीच सुचवलं तसं घडलेल्या प्रसंगाचा साधा अर्ज मराठीत लिहून दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. चाळीस मिनिटं लागली. दुसरा कागद माझ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा. लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह त्यांनी लिहून दिलं की रुग्ण पॅडलच्या सायकलवरून स्वतः घसरून पडली, केसपेपरवरील 'बाइक' हा शब्द सायकलसाठी आहे, दारूचा अंमल नव्हता. हे तीन मुद्दे त्या पत्रात असू द्या.

मला वाटलं, संपलं. १४ ऑगस्टला नवं पत्र आलं: माउंटन बायकिंग हा साहसी खेळ आहे, तो पॉलिसीत वगळलेला आहे, खुलासा करा.

त्या रात्री मी हरले होते. खेळ तर खराच होता, खोटं कसं बोलणार? मग पॉलिसीचं पुस्तक उघडून तो मजकूर शब्दाशब्दाने वाचला. आरोग्य विम्यात जे अपवाद असतात त्यांतल्या बऱ्याच अपवादांचे शब्द आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेले आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. साहसी खेळांचा क्रमांक ०९. त्यात गिर्यारोहण, रॉक क्लायम्बिंग, राफ्टिंग, मोटर रेसिंग, स्कूबा डायव्हिंग अशी नावं आहेत आणि यादी तेवढ्यावर संपत नाही असंही म्हटलं आहे. पण त्याच वाक्यात आधी एक अट आहे: अशा खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार. व्यावसायिक म्हणून! मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करते. सायकलिंगमधून मी आजवर एक रुपया कमावलेला नाही, त्या रविवारी स्पर्धाही नव्हती.

१८ ऑगस्टला एक पानाचा खुलासा पाठवला. त्यात तो अपवाद जसाच्या तसा उतरवला, 'व्यावसायिक' या शब्दाखाली रेघ मारली, नोकरीचं पत्र आणि पगाराची स्लिप जोडली. मी हौशी म्हणून माउंटन बायकिंग करते, हेही स्पष्ट लिहिलं. लपवलं काहीच नाही. तुमच्या पॉलिसीत याहून वेगळे किंवा जास्तीचे शब्द असू शकतात, म्हणून सायकल घेऊन डोंगरात जात असाल तर आज रात्रीच ते पान काढून वाचा.

यानंतर महिनाभर शांतता. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. मधे गणपती आले. २८ ऑगस्टला, ऋषिपंचमीच्या दिवशी, सहा आठवड्यांचा एक्स-रे निघाला. हाडाभोवती धुरकट पांढरं दिसू लागलं होतं, नवं हाड धरायला लागलं की असं दिसतं. तोवर हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं आणि बोटं पोहोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. घरच्या भिंतीवरही मी तसंच केलं. त्या रेघा मी पुसलेल्या नाहीत.

फिजिओथेरपी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली असेल तरच ती 'डिस्चार्जनंतरच्या खर्चात' धरतात, आणि तीही पॉलिसीतल्या दिवसांपुरती. माझे ६० दिवस १७ सप्टेंबरला संपत होते. म्हणून ६०० रुपयांची एक अशी बारा सत्रं मी त्याआधी बसवली. पुढची स्वखर्चाने केली.

१८ सप्टेंबरला, पॉलिसीत लिहिलेली मुदत उलटल्यावर, मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केला. त्यांचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. रागाचं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. तारखांचा तक्ता दिला आणि शेवटी लिहिलं की उत्तर न आल्यास बीमा भरोसा पोर्टलवर आणि मग विमा लोकपालांकडे जाईन. बीमा भरोसा ही आयआरडीएआयची तक्रार नोंदवायची सोय, १५५२५५ या क्रमांकावर फोनवरूनही होते. लोकपालांकडे जायला फी नाही आणि वकीलही लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. मला तिथवर जावं लागलं नाही. २६ तारखेला मंजुरीचा ईमेल आला आणि ३० सप्टेंबरला १,५७,८६० रुपये जमा झाले. १०,५४० रुपये कापले होते. हातमोजे, नोंदणी फी, असल्या पॉलिसीत न बसणाऱ्या गोष्टींचे. आईची ठेव मी त्याच आठवड्यात परत केली.

आधीचा आणि नंतरचा खर्च, म्हणजे कॅज्युअल्टी, दोन डॉक्टरांची फी, तपासण्या, एक्स-रे, औषधं, फिजिओ, असा १६,८१० रुपयांचा दुसरा क्लेम ३ ऑक्टोबरला दिला. झोळीचे ४५० वजा करून १६,३६० रुपये ३१ ऑक्टोबरला आले. या वेळी एकही प्रश्न आला नाही.

सायकल दादांनी आधीच पाड्यावरून आणून ठेवली होती. दसऱ्याला तिला झेंडू वाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेली. डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला होता. हा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि हवा तेव्हा मिळत नाही. मी दोन मागवले, एक कायम पिशवीत असतो. हँडलबारला वरून काही दिसत नव्हतं, तरी बदललं. ॲल्युमिनियम आतून चिरलेलं असेल तर पुढच्या उतारावर कळतं आणि तेव्हा उपयोग नसतो. हेल्मेट हातात घेतलं तर डाव्या बाजूला आतल्या फोमला बोटभर चीर होती. हेल्मेट एकच मार झेलण्यासाठी असतं, मार खाल्लेलं पुन्हा घालू नका आणि कुणाला देऊही नका. हे सगळं मिळून साधारण साडेआठ हजार गेले. ते कुठल्याच क्लेममध्ये बसत नाहीत.

९ ऑक्टोबरला बारा आठवड्यांच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. १२ तारखेला उपवन तलावाभोवती सपाट रस्त्यावर पाऊण तास चालवली. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा नेमका प्लेटवर येतो आणि काचतो, म्हणून आता पाणी आणि अवजारं कमरेच्या पिशवीत ठेवते. प्लेट काढायची की राहू द्यायची हे दीड वर्षाने बघू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. स्टिकरच्या प्रती त्यासाठीही जपून ठेवल्या आहेत.

३० नोव्हेंबरला, रविवारी, येऊरला गेलो. निघण्यापूर्वी गेज लावून टायर २२ वर आणले, दोन्ही ब्रेक दाबून बघितले. वाट कोरडी होती. मावशींच्या घरी त्यांचं फडकं धुऊन, घडी करून नेलं होतं. ते त्यांनी नुसतंच कडेला ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी हात वर करून दाखव." मी डावा हात पूर्ण वर नेला. त्यांनी तो कोपराला धरून आणखी थोडा मागे ढकलून बघितला, मग चहा टाकायला आत गेल्या. परत येताना त्या काळ्या दगडांपाशी मी सायकलवरून उतरले आणि तेवढा उतार ती हातात धरून चालत उतरले. दादा खाली थांबले होते.